निळ्या खडूचे मांजरेकर

आमच्या सोसायटीत साप निघाला तर माणसं मोबाईल काढून त्याचं शूटिंग करायला धावतात. गेटवरच्या फळ्यावर निळा खडू दिसला, की तीच माणसं खाली मान घालून, चपला न वाजवता बाहेर पडतात. पांढरा खडू चालतो. पिवळाही चालतो. निळा दिसला की दुसऱ्या मजल्यावरचा माणूस चौथ्या मजल्यावरच्याला जिन्यात थांबवून विचारतो, "तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना?" तो म्हणतो, "आमच्याकडे आहेत. तुमच्याकडे?" मग दोघंही उरलेल्या मजल्यांकडे बघतात.

हा खडू मांजरेकरांचा.

मांजरेकर तळमजल्यावर एकटे राहतात. बहात्तर वर्षांचे, उंच, जरा पुढे वाकलेले. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हे तीन खडू ठेवतात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. एका शाळेत शिपाई होते. तिथल्या मुख्याध्यापकांचं अक्षर इतकं वाईट, की दारातल्या फळ्यावरचा रोजचा सुविचार लिहायचं काम शिपायाकडे आलं आणि तीस वर्षं त्याच्याकडेच राहिलं. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. भाईंदरच्या गोडदेवला आमच्या इमारतीत राहायला आले आणि पहिल्याच महिन्यात गेटवर फळा टांगला.

तो फळा मीच विकला त्यांना, हे मी कोणाला फारसं सांगत नाही.

माझा धंदा जुन्या दारांचा. रिडेव्हलपमेंटला गेलेल्या इमारतींची दारं, खिडक्या, चौकटी, ग्रील मी उचलतो आणि काशीगावच्या रस्त्याला माझी वखार आहे तिथे विकतो. सुभाष चाळके म्हटलं तर बिल्डर दोन पावलं मागे सरकतात, कारण मी सागवानाला सागवान म्हणायच्या आधी त्याला कीड लावून दाखवतो. एका पाडलेल्या शाळेचा फळा माझ्याकडे पडून होता. मांजरेकर आले, त्यावरून तळहात फिरवला, आणि विचारलं, "यावर शेवटचं काय लिहिलेलं होतं?"

"गणित," मी ठोकून दिलं आणि तोंडाला येईल तो भाव सांगितला.

"बरं," ते म्हणाले आणि पैसे काढले.

घासाघीस नाही, तोंड वाकडं करणं नाही, निघून जायचं नाटकसुद्धा नाही. पहिल्या भावाला हो म्हणणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो. मी काय घालवलं, ते तो कळूच देत नाही.

फळ्यावरची वाक्यं तीन प्रकारची. पिवळ्या खडूने धर्म, पांढऱ्याने नीती, निळ्याने शांती. खाली उजव्या कोपऱ्यात नेहमी एकच सही: 'एक तत्त्वज्ञ'. मी सातवीनंतर शाळा पाहिलेली नाही आणि वाचायचा मला कंटाळा आहे, तरी त्या अक्षरासमोर मी रोज थांबायचो. अक्षर सरळ अंगावर यायचं.

हा तत्त्वज्ञ कोण, हे विचारायला आमचे सेक्रेटरी जिग्नेशभाई एकदा फळ्यापाशी गेले. मी स्कूटर पुसत होतो.

"मांजरेकरकाका, ये तत्त्वज्ञ का नाम तो लिखो. कल कोई केस ठोकेगा तो सोसायटी पे आएगा ने."

"आहेत एक."

"पण रहते किधर हैं?"

"जवळच."

जिग्नेशभाईंनी मागे वळून पाहिलं. मागे मी होतो. मी दुसरीकडे पाहिलं.

मांजरेकरांची आणखी एक सवय म्हणजे वाक्याची जबाबदारी न घेणं. कोणी वाद घातला की म्हणणार, "मी नाही म्हणत. ते म्हणतात." जिग्नेशभाईंकडे दर रविवारी सकाळी मोठ्या आवाजात भजनं लागायची. एका सोमवारी पिवळ्या खडूत आलं, "ज्याला आपला धर्म लाउडस्पीकरवर सांगावा लागतो, त्याचं घरात कोणी ऐकत नसावं." पुढच्या रविवारी आवाज निम्मा झाला, आणि जिग्नेशभाईंच्या बायकोने मांजरेकरांना एक डबाभर ढोकळा नेऊन दिला. कशाबद्दल, ते ती बोलली नाही.

पांढऱ्या खडूत एकदा होतं, "मी कधी चोरी केली नाही असं म्हणणाऱ्याने आधी आठवावं, संधी मिळाली होती का." ते वाक्य आपल्यावर आहे असं वॉचमनला वाटलं. खजिनदारालाही वाटलं. दोन दिवस दोघं एकमेकांसमोरून तोंड अगदी निष्पाप करून जात होते. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं, पण मी निष्पाप तोंड करायच्या भानगडीत पडत नाही, मी आधीच आवाज चढवतो.

हे सगळं गमतीचं होतं, निळा खडू येईपर्यंत.

पहिल्यांदा आलं ते असं: "भांडायला समोर कोणी उरलं नाही, की लोक म्हणतात घरात शांती आली." वाचून माझी बायको हसली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या पिंटो आजी गेल्या. त्याच फळ्यावर, त्याच अक्षरात, पांढऱ्या खडूने आलं, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते'. आजी म्हाताऱ्या होत्या, कोणी काही मनावर घेतलं नाही.

मग चार महिन्यांनी: "शांती दार वाजवत नाही. आपण दार उघडायला उठतो, तेव्हा ती आत येऊन बसलेली असते." दोन दिवसांनी चौथ्या मजल्यावरचे शहा आजोबा.

मग पावसाळ्यानंतर: "शांती मागून मिळते. परत करता येत नाही." त्या आठवड्यात माझ्या समोरच्या दारातले कदम गेले. माझ्याच वयाचे. आजारी होते, पण असे एकदम जातील असं डॉक्टरही म्हणाला नव्हता.

त्यानंतर योगायोग हा शब्द आमच्या जिन्यात कोणी वापरला नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. रिकाम्या केलेल्या इमारतींत मी एकटा फिरतो. माणसं गेलेल्या खोल्या, भिंतीवर कॅलेंडरचा चौकोन, न्हाणीघरात विसरलेली चप्पल, हे माझं रोजचं आहे. पण मला एक खोड आहे. कोणाच्याही घरी गेलो, अगदी सांत्वनाला गेलो, तरी आधी नजर चौकटीवर जाते. लाकूड कुठलं, बिजागरी कुठली. पिंटो आजींच्या चौकटीवर छातीइतक्या उंचीवर मला चार बोटांचे ठसे दिसले. पांढरट, त्यात थोडं पिवळं, थोडं निळं. मी विसरून गेलो. शहांच्या चौकटीवर तसेच दिसले. कदमांकडे मी मुद्दाम पाहिलं. तसेच. चार बोटं, आत शिरताना कोणी आधाराला हात टेकावा तशी.

घरी येऊन बायकोला सांगितलं. "चुना असेल," ती म्हणाली आणि गॅसकडे वळली. माझी बायको लता कुठल्याही विषयावर माझ्याशी वाद घालते. या विषयावर घातला नाही, ते मला त्या वेळी कळायला हवं होतं.

आणि मग माझी आई अंथरुणाला खिळली.

आईबद्दल मला जे वाटतं ते मी इथे लिहितो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वडील गेले तेव्हा मी चौदाचा, प्रकाश अकराचा. आम्ही रत्नागिरीकडचे. आई म्हणाली, दोघांना शिकवणं जमणार नाही. मला गावच्या एका माणसाबरोबर भाईंदरला पाठवलं, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, पॉलिशच्या चाकावर. प्रकाश शाळेत गेला, कॉलेजात गेला, आज पुण्याला ऑफिसात एसीत बसतो. मी चाकावर बसलो, मग भंगारात, मग दारांत. जे आहे ते माझ्या हाताने केलेलं आहे. कोणी मला हात दिला नाही, आणि जिने द्यायला हवा होता तिने आम्हा दोघांतून मला निवडलं नाही. आई पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. औषध, फळं, फॅन, टीव्ही, कशात कमी नाही. पण तिच्या खाटेशी बसून मी कधी बोललो नाही. दारातून विचारायचो, "काही हवंय?" ती म्हणायची, "नको रे." मी वखारीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, दिवस सांगता येणार नाहीत.

ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आला तो निळा खडू. मला चाळीस वर्षांचं भांडण बाकी होतं. ते होण्याआधी ती जायला नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी गेटवर उभा राहिलो. मांजरेकर ओल्या फडक्याने फळा पुसत होते.

"मांजरेकर, एक सौदा करू."

"बोला चाळकेशेठ."

"निळा खडू बंद."

त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं ते भलतंच. "किती दिवस?"

मी धंद्याच्या सवयीने चढा आकडा टाकला. "एक वर्ष."

ते फळ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वर्ष नाही होणार, शेठ."

"सहा महिने."

त्यांनी फडकं पिळलं.

"बरं, दिवाळीपर्यंत. दिवाळीपर्यंत तरी?"

आयुष्यात पहिल्यांदा मी सौद्यात भराभर खाली येत होतो आणि समोरचा जागचा हलत नव्हता. शेवटी त्यांनी खिशातली पुडी सोडली, निळा खडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला. पावट्याएवढा उरला होता आणि गरम होता.

"खडू माझा आहे, तो दिला," ते म्हणाले. "बाकीचं माझ्या हातात नाही."

मी तो तुकडा गटारात टाकला आणि हात तीनदा धुतला.

पुढचे पंधरा दिवस फळ्यावर पिवळा खडू होता. मला बरं वाटलं. एक वाक्य तर आवडलंही: "देवाकडे फार मागू नये. तोही कोणाकडून तरी काढूनच आणून देतो." हे मी कुठेतरी ऐकलंय असं वाटलं, पण स्कूटर सुरू केल्यावर विसरलो.

मग एका मंगळवारी पांढऱ्या खडूत हे आलं:

"दोन मुलांपैकी एकालाच पोटभर देता येत असेल, तर आई सोसणाऱ्याला उपाशी ठेवते. हा न्याय नव्हे. पण न सोसणाऱ्याला उपाशी ठेवलं, तर दोघंही जातात. — एक तत्त्वज्ञ"

मी दोनदा वाचलं. मग शर्टाच्या बाहीने पुसून टाकलं. आमच्या इमारतीत कोणाला माहीत नाही मी चौदाव्या वर्षी का आलो. लताला अर्धंमुर्धं माहीत आहे. प्रकाशने हे कोणाला सांगितलं असतं, तर स्वतःलाच सोसणारा म्हणवून घेतलं असतं, इतका तो शिकलेला आहे. मी मांजरेकरांचं दार बडवलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मी नाही म्हणत शेठ, ते..."

"ते कोण? नाव सांग! चार लोकांसमोर माझ्या घरच्या गोष्टी मांडणारा हा तत्त्वज्ञ कोण? समोर आण त्याला!" रागात मी त्यांना अरेतुरे करायला लागलो होतो. जिन्यावर दोनचार डोकी आली होती. जिग्नेशभाई "सुभाषभाई, शांती रखो" म्हणाले आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर स्वतःच दचकले.

मांजरेकर माझ्या खडू लागलेल्या बाहीकडे बघत होते. "तुम्ही दुपारी दोनला कधी घरी असता का?" त्यांनी विचारलं.

"मी धंदा करतो. तुझ्यासारखा रिकामा नाही."

"तेच," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मी तणतणत तीन मजले चढलो. आणि माझ्या स्वतःच्या दारात थांबलो.

आमची चौकट बर्मा सागवानाची आहे. एका जुन्या बंगल्यातून आणून मी स्वतः बसवलेली, तिच्यावरचा प्रत्येक डाग मला ठाऊक आहे. तिच्यावर छातीइतक्या उंचीवर चार बोटं होती.

मी बोट फिरवून पाहिलं. पिवळं आलं. पांढरं आलं. मी खाली वाकून, डोळे बारीक करून, खिडकीतला उजेड चौकटीवर पडेल असा बाजूला सरकून, निळं शोधत होतो. लताने दार उघडलं तेव्हा मी तसाच होतो.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"अहो, ते येतात रोज. दोन ते चार. आईंशी बोलायला. म्हणजे ते नाही बोलत, आईच बोलतात."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"आईंनी शपथ घातली. म्हणाल्या, सुभाषला कळलं तर तो त्या बिचाऱ्याकडून पण भाडं घेईल."

एरवी मी यावर तासभर भांडलो असतो. त्या दिवशी वखारीत गेलो नाही. दोन वाजता आईच्या खोलीच्या दारामागे उभा राहिलो.

दुपारी आमची इमारत अगदी मुकी होते. मुलं शाळेत, माणसं कामावर, पाण्याची मोटर बंद. जिन्यात पावलं ऐकू आली. एक, थांबणं, एक, थांबणं. मग चौकटीवर हात टेकल्याचा हलका आवाज. मांजरेकर आत आले, आईच्या खाटेशी स्टुलावर बसले, आणि काहीही बोलले नाहीत. बराच वेळ नुसता पंखा. मग आईचा आवाज आला. इतका मोकळा आवाज मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता.

"मांजरेकर, आज मला काय वाटतंय सांगू? आज कोणाचा राग नाही येत. देवाचा पण नाही. आज असं वाटतंय, की आता जरा..."

स्टूल सरकलं. मांजरेकर तिचं वाक्य अर्ध्यावर टाकून उठले आणि झपाझप बाहेर आले. मी दारामागे आहे हे त्यांना ठाऊक होतं की काय, सरळ माझ्यासमोर उभे राहिले आणि दंडाला धरून मला बाहेर जिन्यात घेऊन गेले.

"आजचं निळं आहे," ते कुजबुजले. "ते मी ऐकायचं नाही. तो खडू मी तुम्हाला दिलाय. तुम्ही जा."

"निळं म्हणजे काय, मांजरेकर? नीट सांगा."

"पडून असलेली माणसं आधी सगळी देवाचं बोलतात, शेठ. देव आहे का, असला तर असा का. ते झालं की मग कोणाचं काय चुकलं, आपलं काय चुकलं. ते झालं की शांततेचं. हा क्रम मी नाही लावलेला. पिंटो आजी, शहा आजोबा, कदम, सगळ्यांचा असाच आला. त्यांच्या घरचे कामावर असतात, मी असतो. शांततेचं बोलायला लागले, की दोनचार दिवस."

"म्हणजे ती वाक्यं..."

"त्यांचीच. मी फक्त शुद्धलेखन करतो."

"मग नाव का नाही लिहीत? तत्त्वज्ञ काय?"

"पिंटो आजी म्हणतात असं लिहिलं तर कोण थांबेल वाचायला? तत्त्वज्ञ लिहिलं की तुमच्यासारखा माणूस पण स्कूटर थांबवतो." मग दंड सोडून म्हणाले, "जा. काही विचारू नका. विचारलं की माणसं गप्प होतात."

मी आत गेलो आणि स्टुलावर बसलो. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला माणूस सावलीसारखा दिसतो.

"आलात का?" ती म्हणाली. "कुठे उठून गेलात मध्येच?"

मी बोललो नाही.

"तर काय सांगत होते. सुभाष पहिल्या दिवाळीला गावी आला, तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. पॉलिशचे. मी नारळाच्या काथ्याने घासले, रिठ्याने घासले. निघेना. चौदा वर्षांचं पोर, हात पुढे करून बसलेलं, तोंडातून शब्द नाही. त्याच्या जागी प्रकाश असता तर रडून गाव गोळा केलं असतं. मी घासत होते आणि मनात म्हणत होते, मी बरोबर निवडलं. आणि मला माझीच भीती वाटली." ती थांबली. "हे त्याला सांगायचं राहिलं. तो दारातूनच विचारतो, काही हवंय का. दारातून काय सांगू?"

तिने हात पुढे केला. मांजरेकर धरत असावेत. मी धरला. तिचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरला. चाकाने झालेला एक घट्टा अजून आहे तिथे. अंगठा त्याच्यावर थांबला.

"हा मांजरेकरांचा हात नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

"मग भांड. किती दिवस थांबलायस."

चाळीस वर्षं मी ते भांडण घोकलं होतं. कुठून सुरू करायचं, कुठे आवाज चढवायचा, किती खाली यायचं. एकही शब्द आठवला नाही. मी म्हटलं, "तुला कशाने वाटलं मी सोसेन?" आणि माझा आवाज चौदा वर्षांच्या मुलाचा आला.

"तू माझ्यासारखा होतास," ती म्हणाली.

मांजरेकरांचा दोनचार दिवसांचा अंदाज चुकला. आई आणखी अकरा दिवस होती. मी रोज दोन ते चार बसलो. कधी भांडलो, एकदा तर इतक्या जोरात, की समोरून कदमांची सून धावत आली. त्या दिवसांत फळ्यावर निळं काही आलं नाही. बाराव्या सकाळी मांजरेकरांनी पांढऱ्या खडूत 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' लिहिलं आणि आईचं नाव असं लिहिलं, की प्रकाशने त्याचा फोटो काढून घेतला.

तेरावं झालं. प्रकाश पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरीच होतो, वखारीत जायला मन होत नव्हतं. जिन्यात पावलं ऐकू आली. एक, थांबणं, एक, थांबणं. घड्याळात दोन. पावलं दारापाशी आली आणि बंद झाली. बेल नाही, चौकटीवर हात नाही. काही क्षण मी जागचा हललो नाही, हे कबूल करतो. मग दार उघडलं.

मांजरेकर वरच्या जिन्याच्या पायरीवर बसले होते.

"आत या ना."

"नको. आत कोण आहे आता?"

"मी आहे."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्हाला अजून वेळ आहे, शेठ."

मला हसू आलं. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. म्हटलं, "एक विचारू? लोकांच्या मरणाशी इतकं जाऊन बसता, ते कशासाठी? पुण्य म्हणून?"

"छे." ते हाताला लागलेली खडूची भुकटी चोळत राहिले. "आमच्या हिला ताप होता. फार काही नाही, साधा ताप. मी सकाळी शाळेला निघालो. साडेसहाला फळा लिहून व्हावा लागायचा. ती म्हणाली, जरा थांबा, एक सांगायचंय. मी म्हटलं, फळा लिहून येतो. तेव्हा उशीर झाला तर बोलणी बसायची. आलो तो दुपारी दोनला."

त्यांनी बोटं शर्टाला पुसली.

"त्या दिवशी काय लिहिलं होतं फळ्यावर?" मी विचारलं.

"आठवत नाही. पुस्तकातलं असेल काहीतरी." मग म्हणाले, "जाताना माणसं जे सांगतात, ते एकमेकांपासून फार वेगळं नसणार असं मला वाटलं. म्हणून ऐकायला लागलो. कोणाच्या तरी तोंडून तिचं येईल. आलं, की मला कळेल, हेच ते."

"आलं का?"

त्यांनी मान हलवली. "तुमच्या आईंचं ऐकलं तेव्हा वाटलं होतं, मिळालं. दोन दिवस फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, आम्हाला मूलच नव्हतं."

खाली कुठल्या तरी मजल्यावर कोणीतरी खोकलं. म्हातारा खोकला, लांबलेला. मांजरेकर बोलायचे थांबले, मान जिन्याच्या पोकळीकडे कलली, आणि कठड्याला धरून ते उठले.